पहिला घोट

भात करपला तेव्हा रूफिनो पातेल्यापासून हातभर अंतरावर बसला होता. सकाळपासून वीज गेलेली, म्हणून डोर्कसनं विजेवरचा कुकर बाजूला सारून भात पातेल्यात चढवला, "जरा बघशील ना?" म्हणत बाळाला घेऊन न्हाणीघरात गेली, आणि तो बघत बसला. अगदी इमानानं बघत बसला. झाकणाचं थडथडणं थांबलं ते त्यानं ऐकलं. वाफ विरळ झाली ती पाहिली. मग झाकणाच्या कडेनं धुराची एक बारीक रेघ वर आली आणि खिडकीतून आत शिरलेल्या धुक्यात मिसळून गेली. तीही त्यानं पाहिली, पण तिचा अर्थ काही त्याच्यापर्यंत पोचला नाही. डोंगरावरच्या बागियोत खिडकी उघडी ठेवली की घरात असं पांढुरकं काहीतरी तरंगतच असतं. डोर्कस धावत आली ती ओल्या हातांनी, खांद्यावर पंच्यात गुंडाळलेलं बाळ. "अरे जळतंय! मला तिकडं न्हाणीघरात वास आला आणि तू इथं नाकासमोर घेऊन बसलायस!" तिनं गॅस बंद केला, झाकण उचललं, तळाशी भाताचा काळा थर दिसला. "लढतीचा विचार करत होतो," तो म्हणाला. "बरं. लढतीला जाताना नाक बरोबर नेणार आहेस की इथंच ठेवून जाणार?" असं म्हणून ती हसली, आणि तोही हसला. हसायला त्याला जरा उशीर झाला, पण ती तेव्हा पातेल्यात पाणी ओतत होती.

ती परत आत गेल्यावर तो उठला आणि पातेल्यावर वाकला. डोळे मिटून त्यानं श्वास ओढला, इतका खोल की बरगड्या दुखल्या. गरम हवा आत गेली, बाहेर आली. बाकी काही नाही. करपलेला भात म्हणजे काय ते त्याला पाठ होतं. लहानपणी इनाच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, चुलीवर तो आठवड्यातून एकदा तरी करपायचा आणि तळाची खरवड मिळावी म्हणून तो बहिणीशी भांडायचा. तो वास त्याला आठवत होता असंही म्हणता येत नव्हतं. वास होता हे आठवत होतं. पूर पाहिलेल्या माणसाला कोरड्या नदीवरचा पूल दिसावा तसं. त्यानं पुन्हा एकदा श्वास ओढला, मग स्वतःचीच लाज वाटून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि समोरच्या पाइनच्या झाडांकडे बघत राहिला.

हे सगळं जिंकलेल्या लढतीत झालं होतं, आणि तीच गोष्ट त्याच्या मनाला कधी पटली नाही. हरलेल्या लढतींनी त्याचं काय काय नेलं होतं: एक दात, डाव्या भुवईचा आकार, एकदा वर्षभरासाठी खुद्द विजेतेपदाचा पट्टा. त्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. हरलं की काहीतरी द्यावं लागतंच. पण जाकार्ताची लढत त्यानं जिंकली होती. चौथ्या फेरीत त्या ब्राझीलवाल्याची लाथ कानशिलावर बसली, पाय निसटले, आणि डोक्याची मागची बाजू लढतीच्या पिंजऱ्याच्या जमिनीवर आपटली. आवाज त्याला ऐकू आला होता, आतून, शेजारच्या घरात कोणी दार लावावं तसा. तो उठला, कसा ते माहीत नाही, आणि पाचव्या फेरीत त्यानं त्या माणसाचा गळा असा धरला की त्यानं हात आपटून हार मानली. पट्टा कमरेला आला. कोच वेन्सेसनं त्याला उचलून घेतलं आणि लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात कॉफी प्यायला तर ती नुसतं गरम पाणी. त्याला वाटलं, एवढं मोठं हॉटेल आणि किती चिकट लोक! घरी परतल्यावर बाजारातून जाताना सॉसेजच्या माळा, तंबाखूचे ढीग, जुन्या कपड्यांच्या गासड्या, सगळं जागच्या जागी होतं आणि कशालाच वास नव्हता. तिथं मात्र त्याला कळलं की दोष हॉटेलच्या कॉफीचा नव्हता.

मनिलाला तो एकटाच गेला, टोपी डोळ्यांवर ओढून. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला ओळखलं नाही, किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं. नाकाच्या वर, हाडापलीकडे धाग्यांसारख्या नसा असतात, त्या तुटल्या असाव्यात, असं त्या म्हणाल्या. जीभही बरोबर जाणं क्वचित होतं, पण तुमच्या बाबतीत झालंय. परत येईल का, या प्रश्नावर त्यांनी मान निश्चित अशी कुठल्याच दिशेनं हलवली नाही. "करता काय तुम्ही?" "कुस्तीसारखं असतं," तो म्हणाला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग ते आता नाही करायचं. पुन्हा असा मार बसला तर प्रश्न वासाचा राहणार नाही. बायकोला ओळखायचा राहील." त्यानं मान डोलावली, उभं राहून नमस्कार केला आणि संध्याकाळच्या बसनं डोंगर चढून घरी आला. डोर्कसला सांगितलं, गुडघा दाखवायला गेलो होतो.

तेव्हापासून तो माणसांची तोंडं बघून जेवायला शिकला होता. हे त्याला जड गेलं नाही. आयुष्यभर त्यानं दुसरं केलं तरी काय होतं? समोरच्याचा ठोसा हातात नसतो, खांद्यात असतो, खांदा कणभर हलला की डोकं बाजूला घ्यायचं, हे कोचनं त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. तसाच तो आता डोर्कसचा पहिला घास बघायचा. मीठ जास्त झालं की तिची डावी भुवई वर जायची, मासा चांगला निघाला की ती खाताना बोलायचं थांबायची. मग तो म्हणायचा, "मीठ जरा हात सोडून पडलंय गं," आणि ती म्हणायची, "तुला बरं कळतं!" जिभेवर त्याला मीठ तेवढं कुठून तरी लांबून आल्यासारखं वाटे, गोड, आंबट, कडू सगळं पुसलं गेलं होतं. लोक कोणत्या क्षणी नाक धरतात, कोणत्या दुकानासमोर त्यांची पावलं मंदावतात, हे त्याला इतकं पाठ झालं होतं की वास येणारी माणसं एवढं लक्ष देत नसतील. फक्त एकटा असला की तो उघडा पडायचा. गॅससमोर एकटा बसला, की भात करपायचा.

आणि बाळ. बाळ जाकार्तानंतर झालं. रूफिनोच्या आजीचं नाव तिला ठेवलं, बांगी. दवाखान्यात ती त्याच्या हातात दिली तेव्हा त्यानं सगळे बाप करतात तेच केलं, तिच्या टाळूला नाक लावलं. थोरल्या मुलाच्या वेळी त्या टाळूत काय होतं ते त्याला ठाऊक होतं. सरावाहून आला की घामाच्या अंगानं आधी तिथं जायचा, आणि डोर्कस ओरडायची. या टाळूत ऊब होती, मऊपणा होता, आतली धुगधुग ओठाला लागत होती. मुलगी दुसऱ्याच कुणाची तरी असावी तशी होती. त्यानं हा विचार ताबडतोब मनातून काढला, पण विचार एकदा येऊन गेला होता, आणि आता तिला उचललं की आधी तोच यायचा. तिच्यावर त्याची माया कमी होती असं नाही. पण काचेपलीकडून बघावं तशी ती माया होती, आणि त्याचं त्याला इतकं वाईट वाटे की तो तिला लवकरच खाली ठेवायचा. डोर्कस म्हणायची, हात मोठे म्हणून घाबरतोस का रे?

मग सांगून का टाकत नव्हता? पट्ट्यासाठी, असं कुणीही म्हणालं असतं, आणि ते खोटं नव्हतं. त्याच्या पट्ट्यानं तालमीचा पत्रा बदलला होता. डोंगरातल्या ज्या गावांची नावं मनिलावाल्यांना नीट उच्चारता येत नाहीत तिथल्या भिंतींवर त्याचा फोटो होता. पण त्याच्या आत आणखी एक होतं, आणि ते त्यानं मनातल्या मनातही पूर्ण वाक्यात कधी म्हटलं नव्हतं. सगळं जग बेचव झाल्यापासून त्याच्यापर्यंत पोचणारी एकच गोष्ट उरली होती. सरावात कुणाचा ठोसा गालावर बसला की त्या क्षणापुरता तो जागच्या जागी असायचा, सगळ्यांबरोबर, या जगात. लढत पुढच्या महिन्यात सिंगापूरला होती. तिथं आपल्याला काय होऊ शकतं हे त्याला माहीत होतं, आणि तरी तो त्या दिवसाची वाट बघत होता, याची त्याला भीती वाटत होती. कधी कधी त्याला वाटे, आपल्याला कुणीतरी पकडावं. मानेला धरून खडसवावं. पण इतक्या वर्षांत पकडीतून निसटण्याची सवय इतकी लागली होती, की कुणी जवळ आलं की अंग आपोआप वळायचं.

दुपारी ते इनाच्या गावी, ला त्रिनिदादला निघाले. प्रत्येक लढतीआधी तिच्या अंगणात पितरांच्या नावानं कोंबडी व्हायची. थोरला शाळेत होता, बाळ डोर्कसच्या मांडीवर. मळ्यांपाशी वळण घेतलं तसं जीपमधल्या बायकांनी रुमाल काढले. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना कोंबडीखत घालायचे दिवस होते. रूफिनोनं शेजारणीचा हात वर जाताना बघितला आणि कॉलर नाकावर ओढली. समोर बसलेला एक म्हातारा त्याच्याकडे बघून हसला. "चँपियनलासुद्धा आमच्या मळ्यानं गार केलं की!" सगळी जीप हसली. तोही कॉलरच्या आडून हसला, आणि मळा मागे पडला तरी, बाकीच्यांचे रुमाल खाली जाईपर्यंत, कॉलर तशीच धरून बसला.

इना अंगणात चुलीशी बसली होती. तिच्या मोठ्या दिराला, सगळे मानानं आपो म्हणत त्या लांगसीला, तिनं ऊन बघून खुर्ची टाकून दिली होती. कोंबडीचं पित्त बघून शकुन सांगायचा तो त्यानं. तो वयानं इतका वाकला होता की जिनचा पेला तोंडाकडे नेण्याऐवजी तोंडच पेल्याकडे न्यायचा. कोच वेन्सेस आधीच येऊन शेंगा सोलत बसला होता. "आला बघ आमचा हत्ती," कोच म्हणाला. "वजन किती? खरं सांग. सूप प्यायचं, भाताकडे बघायचंसुद्धा नाही." डोर्कस म्हणाली, "भाताचं नावच काढू नका कोच. आज यानं भात जाळला. समोर बसून. घरभर धूर, आणि साहेब विचारात!" सगळे हसले. आपो लांगसी म्हणाला, "प्रेमात पडला असेल." "कुणाच्या, पातेल्याच्या?" कोच म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. इना हसली नाही. तिनं लाकूड चुलीत आत सरकवलं आणि हात तसाच थोडा वेळ लाकडावर ठेवला.

कोंबडीसाठी काठी आणायला रूफिनो घरात गेला. दाराच्या मागे खिळ्यावर बापाचं खाणीतलं जाकीट अजून टांगलेलं होतं. बाप जाऊन वर्षं झाली, पण त्या जाकिटात ओल्या मातीचा, कार्बाइडच्या दिव्याचा आणि त्या माणसाचा असा एक वास जिवंत होता, आणि प्रत्येक लढतीआधी काठी घ्यायला आलं की रूफिनो कुणी बघत नाही असं पाहून त्या बाहीत तोंड खुपसायचा. विजेतेपदाची पहिली लढत त्यानं त्या वासावर जिंकली असं त्याला मनापासून वाटायचं. आज तो जाकिटासमोर आला आणि थांबला नाही. थांबून, तोंड खुपसून, तिथंही काही नाही हे कळलं असतं तर पुढचं काही त्याला करता आलं नसतं. काठी घेऊन वळला तर दारात इना उभी होती. "मीठ विसरले," ती म्हणाली आणि बाजूला झाली. मीठ चुलीशेजारीच होतं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

जो प्रवासाला निघतो त्यानंच कोंबडी मारायची, आणि हळूहळू मारायची. पंख उलगडून आतल्या बाजूनं काठीनं टप् टप् करत राहायचं, मग मानेवर. कातडी फाटता कामा नये, हाड मोडता कामा नये, रक्त आतल्या आत साकळलं पाहिजे. डोंगराखालच्या सपाटीवरची माणसं याला क्रूर म्हणतात. रूफिनोला हे काम बापानं शिकवलं होतं आणि कोच म्हणायचा, याचा हात ठोशात नाही, कोंबडीत तयार झाला. आज हात त्याचं ऐकत होता. टप्, टप्, टप्. मग शेवटचा फटका, डोक्याच्या मागे. तिथं काठी हवेत थांबली. शेजारच्या घरात कोणी दार लावावं तसा तो आवाज त्याला पुन्हा ऐकू आला. "काय रे?" कोच म्हणाला. "काही नाही," तो म्हणाला आणि फटका दिला. पिसं जाळायला त्यानं कोंबडी ज्वाळेवर धरली. धूर सरळ तोंडावर येत होता. कोच खोकत उठला, डोर्कसनं बाळाचं तोंड झाकून पाठ फिरवली, आणि तो धुरात वाकून काम करत राहिला. जळत्या पिसांच्या वासानं कुणाचं तरी तोंड वाकडं होतं हे बघायला समोर कुणी उरलं नव्हतं. इना होती, पण ती धुराच्या पलीकडे होती.

कोंबडी इनानं चिरली. काळीज बाहेर काढून तिनं केळीच्या पानावर आपो लांगसीसमोर धरलं. त्याच्या कडेला पित्ताची पिशवी, हिरवी, टम्म भरलेली, काळजाच्या पाकळीखाली नीट झाकलेली. म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून खूप वेळ बघितलं. "छान आहे," तो शेवटी म्हणाला. "भरलेलं आहे, झाकलेलं आहे. जा बाळा, जाऊन ये. पूर्वजांना काही म्हणायचं नाही." कोचनं टाळी वाजवली. आणि तेव्हा रूफिनोला कळलं की तो दुसऱ्या उत्तराची आशा करत होता. पित्त सुकलेलं निघेल, म्हातारा मान हलवेल, आणि आपण न सांगता सगळं थांबेल, अशी. त्यानं आपोच्या हातातला पेला घेऊन जिनचा घोट घेतला. जिन घशात गरम वाटली, एवढंच.

सूप शिजायला वेळ लागला. आलं, शेवग्यासारख्या पाल्याच्या जुड्या, आणि माळ्यावर टांगून धुरावलेल्या खारवलेल्या डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा; त्याशिवाय हे सूप सूप नव्हे. इना पातेल्याजवळ कुणाला येऊ देत नव्हती. डोर्कस मदतीला गेली तर तिला म्हणाली, "तू पोरीला घेऊन बस." शेवटी आपोनं पितरांची नावं घेतली, खाणीत फुप्फुसं गमावलेल्या भावाचंही घेतलं, आणि इनानं पहिला वाडगा रूफिनोच्या हातात दिला. जाणाऱ्यानं पहिला घोट घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचं. तो बरं म्हणाला की मग सगळ्यांनी प्यायचं. म्हणजे आज रूफिनोला आधी दुसऱ्या कुणाचं तोंड बघायची सोय नव्हती. पण त्याला त्याची काळजी वाटली नाही. इनाच्या हातचं हे सूप जन्मापासून एकाच चवीचं होतं. ते न चाखताही सांगता आलं असतं. इना त्याच्यासमोर उकिडवी बसली. इतक्या जवळून तिनं त्याच्याकडे कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. त्यानं घोट घेतला, मग दुसरा, मग प्रेमानं सगळा वाडगा रिकामा केला.

"इना," तो म्हणाला, "इतके देश फिरलो, पण असं सूप कुठं नाही बघ."

इनाचे डोळे मिटले. आपोनं मान डोलावली, सगळ्यांचे वाडगे तोंडाला लागले. कोचनं घोट तोंडात घेतला आणि बाजूला वळून मातीत थुंकला. डोर्कसचा हात तोंडावर गेला. आपो लांगसी, ज्यानं जन्मात पानातलं काही टाकलं नव्हतं, त्यानं वाडगा खाली ठेवला आणि ओठ पुसले. "कडूजहर! पित्त फुटलं की काय गं?" रूफिनोनं भराभर एकेकाचं तोंड पाहिलं आणि स्वतःचं तोंड वाकडं केलं. "हो," तो म्हणाला, "जरा कडसर—" पण तोवर सगळ्यांची नजर त्याच्या हातातल्या वाडग्यावर आली होती. तो वाडगा तळापर्यंत रिकामा होता.

"फुटलं नाही," इना म्हणाली. "मी फोडलं."

पूर्वजांच्या पातेल्यात पित्त पिळायचं, हे करणारी बाई त्या खोऱ्यात कुणी पाहिली नसेल. इना पुढं सरकली आणि तिनं रूफिनोचं मनगट धरलं. "कधीपासून?" तिनं विचारलं. तिचा आवाज लहानपणी ताप बघताना असायचा तसा होता. त्याचं अंग सवयीनं वळायला निघालं. एखादं वाक्य, एखादी थट्टा, काहीतरी जिभेवर येत होतं. पण तिनं त्याचं मनगट धरलं होतं, आणि कुठल्याही पिंजऱ्यात त्यानं कधी न केलेली गोष्ट त्यानं केली. त्यानं हात सैल सोडला. "जाकार्तापासून," तो म्हणाला. कोचनं हातातला वाडगा जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लढत, पट्टा, सगळं त्याच्या मनातून गेलं ते त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघून कळत होतं. "गाढवा," कोच हातांच्या आतून म्हणाला, "मी तुला मारायला पाठवत होतो रे. मरायला."

डोर्कस मात्र दुसरंच काही मोजत होती. जाकार्ता, मग पाऊस, मग दवाखाना. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे बांगीला..." ती म्हणाली आणि थांबली. "तू तिला कधी..." रूफिनोनं नाही म्हणून मान हलवली. मग तो रडायला लागला, मोठ्यानं, नाकातोंडातून, त्याला आवरता येईना. चुलीतलं लाकूड विझत चाललं होतं, आणि आपो लांगसी कुणाला न विचारता ते कडू सूप केळीच्या बुंध्याशी ओतायला घेऊन गेला. डोर्कस उठली. तिनं बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं, त्याचे मोठे हात उचलून बाळाभोवती नीट बसवले, आणि स्वतः त्याच्या गुडघ्यांशी बसून बाळाच्या टाळूवर वाकली. डोळे मिटून तिनं सावकाश श्वास घेतला, काही राहून जाऊ नये असा.

"दुधाचा येतोय," ती म्हणाली. "साबणाचा येतोय. कानामागं जरा आंबूस आहे, मी नीट पुसलं नाही वाटतं." मग तिनं पुन्हा एकदा नाक लावलं. "आणि करपल्या भाताचा. सकाळचा धूर बसलाय हिच्या केसांत."